वळचणीबाहेरचं प्रशिक्षण

मार्गशीर्षाचा तिसरा आठवडा चालू होता आणि प्रतिभाताई शेटे कारखानाभर अपघात मागत फिरत होत्या.

"एखादा तरी असेल ना गं?" त्या भट्टीपाशी वाकून हळूच विचारत. "मोठा नको. बोट चेपलं, चटका बसला, पाय घसरला, काहीही चालेल मला."

"शुभ बोला वं ताई, तिनीसांजचं," बायका म्हणत. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असत.

ज्या बाईने तुळशीला पाणी घातल्याशिवाय कधी चहा घेतला नाही, जिचा सोमवार, चतुर्थी आणि एकादशी यांतलं काही चुकत नाही, दूध उतू गेलं तरी जी 'गेलं ते कृष्णार्पण' म्हणून ओटा पुसते, तिच्यावर लोकांचे अपघात गोळा करायची पाळी का यावी? दोष कुणाला द्यायचाच तर तो खाऱ्या काजूंना द्यावा लागेल.

घोडेगावच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडे, दादाभाऊंची नाचणीच्या बिस्किटांची पत्र्याची शेड आहे. बावीस बायका काम करतात आणि प्रतिभाताई पर्यवेक्षक. पर्यवेक्षक म्हणजे बिस्किटांवर नजर ठेवायची, बायकांची भांडणं मिटवायची आणि दादाभाऊंनी काहीही म्हटलं की 'होईल' म्हणायचं. हे दादाभाऊ पुण्याला एका उद्योजक मेळाव्याला जाऊन आले आणि गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "ताई, आपल्याला सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचंय. तिथं एक बाई लई झकास बोलल्या. असं प्रशिक्षण दिलं की कामगाराचं मन स्वस्थ राहतं, माणसं टिकतात, आन मालबी जास्ती निघतो. एका दगडात तीन पक्षी!"

"खरं असेल का हो हे?"

"चहाबरोबर वाटीभर खारे काजू व्हते, ताई. खोटं बोलायचं असतं तर लोक शेंगदाण्यावर भागवतात."

प्रतिभाताईंना मन, माल यांचं तितकं काही वाटलं नाही. 'माणसं टिकतात' एवढंच त्यांच्या कानात राहिलं. कारण भागू चालली होती.

भागू रोलरवर होती. मळलेल्या कणकेचा गोळा एका बाजूने दोन फिरत्या रुळांमध्ये द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने एकसारखी पोळी काढून घ्यायची, हे काम शेडमध्ये तिच्याइतकं कुणालाच जमत नव्हतं. तिने आठवड्यापूर्वी सांगून टाकलं होतं, की अमावास्या झाली की ती येणार नाही. नारायणगावला टोमॅटो निवडायला जाणार. 'का गं?' तर म्हणे 'घरचं काम हाय.' कसलं घरचं? 'घरचंच.' आणि भागू एकटी जाणार नव्हती. तिच्या डोंगरावरच्या वस्तीतून सात जणी एका जीपने येत, आणि जीपवाला अर्धी जीप घेऊन डोंगर उतरत नाही. सात गेल्या की रोलर थांबणार. रोलर थांबला तर शेड क्रेट ठेवायला देऊन टाकू, असं दादाभाऊ दोनदा बोलून गेले होते. म्हणजे अमावास्येनंतर बावीस बायकांच्या जागी बावीसशे क्रेट. त्यांच्यावर नजर ठेवायला पर्यवेक्षक लागत नाही.

तेव्हा प्रशिक्षण घ्यायचं ठरलं. दोन तासांचा तर मामला, त्यात काय अवघड, असं प्रतिभाताईंना वाटलं. त्यांना अजून बरंच काही वाटायचं होतं.

पहिली अडचण वाराची आली. पुण्यातली जी संस्था प्रशिक्षण द्यायची, ती शेवटी सगळ्यांना समोसा देत असे. बायकांनी एकमुखाने सांगितलं, समोसा असेल तर उपासाचा वार नको. सोमवारी स्वतः ताईंसह अकरा जणींचा उपास. मंगळवारी गणपतीवाल्या सहा. गुरुवारी मार्गशीर्षातली लक्ष्मी, त्या दिवशी तर शेडमध्ये पाणीसुद्धा जपून प्यायलं जातं. शुक्रवारी आंबट चालत नाही आणि समोशाबरोबर चिंचेची चटणी असते. शनिवारी मारुती. रविवारी शेड बंद. उरला बुधवार. बुधवारचा देव कुणाला नीट ठाऊक नसल्यामुळे तो मोकळा सापडला.

दुसरी अडचण फॉर्मची. तो भरून पाठवल्यावर संस्थेतून मोहित नावाच्या प्रशिक्षकाचा फोन आला.

"मॅडम, 'गेल्या वर्षातील अपघात' या रकान्यात तुम्ही निरंक लिहिलंय."

"हो. देवाची कृपा."

"देवाच्या कृपेला आमच्याकडे रकाना नाही मॅडम. निरंकवाल्यांना जूनची तारीख मिळते. गरजूंना आधी."

"म्हणजे अपघात झालेले असले तर..."

"तर येत्या बुधवारीसुद्धा येऊ शकतो."

जूनपर्यंत भागूच काय, शेडच्या दारावरची पाटीसुद्धा राहणार नव्हती. म्हणून ताई अपघात मागत फिरू लागल्या, आणि एकवीस बायकांनी त्यांना एकवीस वेळा शुभ बोलायला सांगितलं. भागूला विचारलं तेव्हा तिने रोलरवरची नजरसुद्धा काढली नाही. "न्हाई ताई, काय न्हाई झालं," म्हणाली.

संध्याकाळी शेजारच्या सायराबानूने ऐकून घेतलं. सायराबानू मूळची जुन्नरची. तिचा नवरा अकबरभाई शेडमधली यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे शेडमधल्या कुठल्याही प्रश्नावर तिचं मत तयारच असतं.

"लिहून टाक ना, एखादीचा पाय मोडला. कागदावरच्या पायाला प्लास्टर थोडंच घालायचंय?"

"खोटं नाही लिहवत गं मला. त्यातून मार्गशीर्ष."

"म्हणजे आषाढ असता तर चाललं असतं?"

प्रतिभाताई तुळशीपाशी दिवा लावायला उठल्या. काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे शेजार बिघडवणं असतं.

मग त्यांना आठवलं, की आधीच्या पर्यवेक्षकाने ठेवलेली अपघातांची एक नोंदवही कपाटावर कुठेतरी आहे. तीत काही ना काही असणारच. दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर चढल्या. या स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून सरकवलेला असे. हात उंच करून त्यांनी वही ओढली, धूळ झटकली, उघडली. पहिल्या पानावर हळदीकुंकू लावून 'श्री' लिहिलेलं, बाकी सगळी पानं कोरी. एवढं बघेपर्यंत स्टुलाने अंग काढून घेतलं.

वही एकीकडे, ताई एकीकडे. घोटा लगेच सुजला. बायका धावत आल्या, त्यांनी ताईंना उचललं, आणि सगळ्याच जणी म्हणाल्या, "काय न्हाई झालं, काय न्हाई झालं." ही आपल्याकडची रीतच आहे. माणूस जमिनीवर पडलेला असतो आणि भोवतीचे सगळे त्याला काही झालेलं नाही असं पटवून देत असतात.

घरी गल्ली लोटली. कुणी म्हणालं आंबेहळदीचा लेप लावा, कुणी म्हणालं बर्फ, कुणी म्हणालं बर्फ मुळीच नको, माझ्या आत्याने लावला आणि तिला कायमची थंडी वाजायला लागली. एका काकूंनी ओझरच्या विघ्नहराला नारळ बोलायला सांगितला आणि तो आपणच वाहून येऊ म्हणाल्या, कारण त्यांना तसंही ओझरला जायचं होतं. सायराबानू तेलाची बाटली घेऊन आली.

"हे पायाचं तेल आहे की मोटरीचं?" ताईंनी वास घेऊन विचारलं.

"यांच्याकडं एकच बाटली असते. मोटरीनं अजून तक्रार केलेली नाही."

रात्रभर घोटा ठणकला. पण त्याहून ठणकत होतं ते वेगळंच. आयुष्यात कधी रस्त्यात ठेच लागली तरी इकडे तिकडे बघून मगच पाय चोळणारी बाई, आणि बावीस जणींनी तिला खुर्चीत घालून मिरवत रिक्षापर्यंत नेलं होतं. पण सकाळी त्यांनी वही उघडली आणि स्वच्छ अक्षरात खरी-खरी नोंद केली: 'पर्यवेक्षक स्टुलावरून पडल्या. इजा: उजवा घोटा. कारण: अपघातांची नोंदवही शोधत होत्या.'

नोंदीचा फोटो पाठवला. अर्ध्या तासात मोहितचा फोन. "अभिनंदन मॅडम! बुधवारी येतो."

मोहित आला तो पंचविशीतला, नीटनेटका, पाठीवर बॅग आणि बॅगेत भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र. बायका सतरंजीवर ओळीने बसल्या. पाहुणे आले की घालायचे एप्रन कपाटातून इस्त्रीसकट निघाले. ताई पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून खुर्चीत बसल्या. अकबरभाई मागच्या बाजूला एक मोटर उघडून बसला होता. मोहितने घसा साफ केला आणि उत्साहाने सुरुवात केली.

"समजा, आत्ता या क्षणी इथं आग लागली!"

साळुबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. साळुबाई साठीची, ठेंगणी; बिस्किटं पुड्यांत भरायचं काम करते, पण काय बोलावं आणि काय बोलू नये या शास्त्रात शेडमध्ये तिचा शब्द शेवटचा. ती उभी राहिली, तशा सगळ्या उभ्या राहिल्या.

"सायेब, वास्तू तथास्तु म्हनत असती. दिसभर. तिला दुसरं काम न्हाई. छपराखाली जे बोलाल ते 'हो' म्हनती. कोनतं खरं करंल, कुनाला ठावं? म्हून वंगाळ बोलायचंच न्हाई."

मोहितने प्रतिभाताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली.  त्यांच्या आईनेही त्यांना हेच शिकवलं होतं. घरातले तांदूळ संपले तर 'संपले' म्हणायचं नाही, 'वाढले' म्हणायचं. आणि हा मुलगा तर आगीपासून सुरुवात करत होता.

"बरं, आग नको," मोहित म्हणाला. "तुमचाही कुणाचा नको. समजा, माझाच हात त्या रोलरमध्ये..."

शेडमध्ये असा हाहाकार झाला की अकबरभाईच्या हातातला पान्हा पडला.

"एकुलता एक हायेस का रं?" साळुबाईने विचारलं.

"नाही, म्हणजे, एक बहीण आहे."

"बग! आन खुशाल बोलतोय. आयला ठावं हाय का तुझ्या, तू असलं काम करतो ते?"

दोघी जणी मीठ-मोहरी घेऊन आल्या. मोहितला दाराकडे तोंड करून उभं केलं, दृष्ट काढली, भट्टीत टाकली. मोहरी तडतडली तशी साळुबाई म्हणाली, "बगा, किती व्हती ती!" आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

गूळ खाऊन मोहितने तिसरा प्रयत्न केला. "एका लांबच्या गावात एक बाई होती..."

"कोन्तं गाव?"

"असंच. कुठलंही."

"कुठलंबी कसं? चौफेर गावांत आमच्या लेकी दिल्यात."

त्याने न बोलता नुसतं चित्र दाखवलं. भिंतीवर पट्टी बांधलेला, दोन बोटं नसलेला एक हात उमटला. मग त्याची दुसऱ्यांदा दृष्ट काढण्यात आली, आणि या खेपेला भिंतीचीही काढली. एक तास झाला होता. प्रशिक्षणाचं एक वाक्यही पुरं झालं नव्हतं, पण प्रशिक्षकाला पुढच्या वर्षभरात काही होण्याची शक्यता मात्र उरली नव्हती.

मोहित घाम पुसत ताईंजवळ येऊन बसला. "मॅडम, मी वाईट सांगितलं नाही तर चांगलं कसं सांगू? माझं सगळं कामच वाईटाचं आहे."

प्रतिभाताईंना त्याची दया आली. भागू कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिची नजर रोलरवर होती. अमावास्येला तीन दिवस उरले होते.  मग ताईंनी अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"साळुबाई, वास्तू कुठवर ऐकते हो?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.  कुणी म्हणालं उंबऱ्यापर्यंत, कुणी म्हणालं कुंपणापर्यंत. कुंपण तर नव्हतंच. मग काय, वास्तू ओढ्यापर्यंत ऐकत बसणार? साळुबाईने निकाल दिला. "वळचणीपतुर. छपराचं पानी जिथं गळतं तिथपतुर घर. त्याच्या भाईर रान."

सगळ्या जणी सतरंजी उचलून बाहेर निघाल्या. पावसाळ्यात पागोळ्यांनी जमिनीत ओळीने खळगे पाडले होते. सीमारेषा जणू देवानेच आखून ठेवली होती. सतरंजी खळग्यांच्या पलीकडे अंथरली, एवढ्यात अकबरभाई हात पुसत आला.

"थांबा. दिवाळीत पत्रा दीड फूट पुढं काढलाय मी, पोती भिजू नयेत म्हणून. हे खळगे जुन्या पत्र्याचे."

सतरंजी पुन्हा उचलली गेली.

"पर नव्या पत्र्यावर आजून पाऊसच पडला न्हाई," एक जण म्हणाली.

"मग वास्तूला तरी कुठून कळणार पत्रा वाढला ते?" अकबरभाई म्हणाला.

"वास्तूला समदं कळतं. तुला कळत न्हाई," साळुबाई म्हणाली.

अकबरभाईने वाद घातला नाही. शिडी लावली, बादली घेतली, वर चढला आणि पत्र्यावर पाणी ओतलं. पाणी नेमकं कुठे पडतं हे बघायला मोहित वाकून उभा होता. ते त्याच्यावर पडलं. त्या धक्क्याने तो मागे सरला आणि वर बघतो तर शिडी कलत होती.

"अहो, शिडी धरा कुणीतरी! खालून दोघींनी धरा, घट्ट!"

चार जणींनी धावत जाऊन शिडी धरली. त्या दिवशीची ही पहिली सुरक्षा-सूचना, जी कुणी अशुभ मानली नाही. अकबरभाई सुखरूप उतरला. ओल्या रेघेच्या पलीकडे, करंजाच्या सावलीत सतरंजी पडली. ताईंची खुर्ची दोघींनी उचलून नेली, पुन्हा मिरवणूक, पुन्हा तोच अपमान. पण ताईंनी तो या खेपेला देवाला वाहून टाकला.

"बोला आता," साळुबाई म्हणाली. "हितं ऐकाया कोन न्हाई."

मोहितने ओले केस मागे सारले आणि तोंड उघडलं. पण त्याला बोलायची वेळच आली नाही. आधी एकीने भीत भीत म्हटलं, की दळणाच्या चक्कीच्या पट्ट्यावरचं झाकण होळीपासून नाही. दुसरी म्हणाली, भिंतीवरच्या बटणाची वायर उघडी पडली म्हणून तिला प्लॅस्टिकची पिशवी बांधलीय, आणि ओल्या हाताला मुंग्या येतात. तिसरीने सांगितलं, भट्टीमागच्या दारापुढे पोती रचलीत. परवा धूर कोंडला तेव्हा भट्टीवरच्या तिघी चाचपडत पुढच्या दाराने आल्या. कुणाचा पाय हौदापाशी घसरला होता, कुणाचा दंड भाजला होता. तिने बाही वर करून दाखवला. झरा फुटावा तशा बोलायला लागल्या. मोहित लिहीत होता. त्याचं पान भरलं, त्याने उलटलं, तेही भरलं.

प्रतिभाताई खुर्चीत लहान होत गेल्या. ती वायर, ते दार, ती पोती, रोज त्या तिथूनच जात होत्या. पिशवी तर त्यांनीच शोधून दिली होती. आणि त्यांच्या एप्रनच्या खिशावर पितळी अक्षरांत लिहिलं होतं: पर्यवेक्षक.

भागू सगळ्यांत शेवटी बोलली. कुणी विचारलं नव्हतं.

"गवरीच्या आदल्या दिशी रोलरनं माझा पदर वढला. पार गळ्यापतुर. बटन लांब, माझा हात पोचंना. मावशीनं पळत यिऊन दाबलं." तिने साळुबाईकडे पाहिलं. "तवापासनं सकाळी निघताना पोरीला उठवून तिचं त्वांड बगून येते. काम वंगाळ न्हाई ताई. पर रोज असं बगून यायचं म्हंजी..."

तिने पुढचं वाक्य सोडून दिलं. छपराबाहेर असूनही.

साळुबाई जमिनीकडे बघत होती. "मी म्हनलं, बोललो न्हाई म्हंजी झालं न्हाई."

प्रतिभाताईंना तो पदर आठवला. गौरीच्या दिवसांत भागूच्या साडीला ठिगळ दिसलं होतं आणि आपण म्हणालो होतो, 'नीटनेटकं येत जा गं, खाण्याचा जिन्नस आहे.' त्यांचा आवाज आणखी खाली गेला.

"मला का नाही सांगितलंस?"

भागू शांतपणे म्हणाली, "आत बोलायचं न्हाई, आन भाईर कुनी इचारलं न्हाई."

समोसे गार झाले होते. ताई उठल्या. कुणाला हात लावू न देता त्या लंगडत आत गेल्या, रोलरच्या बटणाच्या पेटीला कुलूप घातलं आणि त्याची किल्ली कमरेला खोचली.

नेमके तेव्हाच दादाभाऊ फोटोसाठी नवा सदरा घालून आले. "झालं का प्रशिक्षण? आन रोलर का बंद? शनिवारी माल जायचाय ताई."

"रोलरला जाळी बसेपर्यंत तो चालणार नाही."

"बसवू की. हा माल गेला की बसवू."

"माल उशिरा जाईल."

दादाभाऊंनी आजवर या बाईकडून 'होईल' याखेरीज शब्द ऐकला नव्हता. ते जरा गोंधळले. "ताई, किल्ली द्या."

"देणार नाही मी," प्रतिभाताई म्हणाल्या, इतक्या हळू की दादाभाऊंना पुढे वाकून ऐकावं लागलं. "तुम्हाला शेड क्रेटला द्यायची असेल तर द्या. पण भागूचा पदर रोलरला मी देणार नाही."

मोठ्याने बोलल्या असत्या तर दादाभाऊ भांडले असते. हळू बोलणाऱ्याशी भांडायची त्यांना सवय नव्हती. ते बाहेर गेले, मोहितच्या हातातली पानं उभ्यानेच वाचली, एक समोसा खाल्ला, आणि अकबरभाईला म्हणाले, "काय काय लागंल, सांग."

अकबरभाईला बुधवारची दुपार आणि अख्खा गुरुवार लागला. रोलरच्या तोंडावर जाळी बसली, खाली फक्त कणकेपुरती फट. वर एक जाड लाल दोरी आली, कुठूनही ओढली की यंत्र जागच्या जागी थांबणारी. मागचं दार मोकळं झालं, वायर भिंतीत गेली. भागू येऊन बघून गेली. फटीत कणकेचा गोळा घालून पाहिला, जुन्या साडीचं टोक घालून पाहिलं. ते जाळीवरच अडकलं. मग दोरी ओढून पाहिली आणि म्हणाली, "अकबरभाऊ, ही मला पुरती. मावशीला पुरायची न्हाई. खाली घ्या."

"साळुमावशी कुठं रोलरवर असते?"

"माझ्या मागं धावत आली ती मावशीच ना? खाली घ्या."

दोरी खाली आली. रोलर पुन्हा फिरायला लागला आणि एक गंमत झाली. पूर्वी भागू गोळा ढकलला की हात झटकन मागे घ्यायची, त्यामुळे पोळी एका कडेला जाड यायची आणि ती बिस्किटं भट्टीत तडकायची. आता हात घाईत नव्हता. तडकलेल्या बिस्किटांचा डबा, जो रोज दुपारपर्यंत भरायचा, तो शुक्रवारी संध्याकाळी अर्धाच होता. माल उशिरा जायचा तो शनिवारीच गेला. दादाभाऊ ज्याला-त्याला सांगत सुटले, मी म्हटलंच होतं, ते काजू खारे होते पण खरे होते.

पण प्रतिभाताईंना डब्याचं काही नव्हतं. त्यांना अमावास्या दिसत होती. भागूने 'राहते' असं काही म्हटलं नव्हतं, आणि त्यांची विचारायची छाती झाली नव्हती. विचारलं आणि ती 'जाते' म्हणाली तर? छपराखालचं बोलणं.

अमावास्या झाली. सोमवार उजाडला. ताईंनी पूजा लवकर उरकली, उपासाची भगर तशीच झाकून ठेवली आणि सुजल्या पायाने शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नऊ वाजले. सव्वानऊ. वळणावर जीप दिसली, पुढे आली, थांबली. एक, दोन, तीन... सहा उतरल्या. सातवीची वाट बघत ताईंनी खांब घट्ट धरला. सातवी जीपच्या पलीकडच्या बाजूने उतरली होती आणि कधीच आत गेली होती.

ताई तिच्यामागे आत गेल्या. भागू रोलरपाशी उभी, कणीक चाचपत होती. तिने राहायचं ठरवलंय की आज फक्त सांगायला आलीय, हे काही तिच्या पाठीवरून कळेना. ताई धीर करून पुढे झाल्या. "भागू, अगं, मी म्हणत होते..."

भागूने हातातला गोळा खाली ठेवला, वळली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "थांबा तितंच! लोंबता पदर घिऊन रोलरपाशी येत्यात व्हय? खोचा आदी तो. किती डाव सांगायचं मानसाला?"

शेडमध्ये सगळ्यांदेखत, एका कामगार बाईने पर्यवेक्षकाला असं फैलावर घेतलं होतं. साळुबाईने बिस्किटांवरून मान वर केली. प्रतिभाताईंचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी मुकाट्याने पदर कमरेला घट्ट खोचला, आणि खोचता खोचता त्यांना एकदम हसू फुटलं.

सोडून चाललेलं माणूस कुणाला असं रागवत नाही.

"आता येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या," भागू म्हणाली, आणि रोलर सुरू केला.